शेजार लागलेली मिरची

माय, तुझ्या मिरचीनं आज नानांना ठसका लावला. तुझी म्हणजे तू जायच्या आधी, शेवटच्या भेटीत पुरचुंडीत बांधून दिलेल्या बियांच्या वंशातली, ढोबळी, गोडी. नानांचं, माझ्या सासऱ्यांचं, कमरेचं हाड मोडलं, ते खाटेला लागले आणि त्यांच्या पोटानंही तिखट सोसायचं नाकारलं, तेव्हापासून दर हिवाळ्यात त्यांच्या ताटात हीच भाजी असते, बेसन पेरून, तेल बेतानं. इथे जळगावच्या परसात ती जगवायची म्हणजे नाकी नऊ येतात. ऊन जरा चढलं की फुलं गळतात. पानं आकसली की सकाळी दवावर राख टाकायची, झाड फळांनी वाकलं की कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या काडीचा टेकू द्यायचा. हे सगळं तुझंच बघून शिकले. एकच गोष्ट तुझी पाळली नाही, तिची गंमत पुढे सांगते.

आपलं धुळ्याचं मागचं अंगण अजून जसंच्या तसं दिसतं. तू मोरीच्या पाण्याला वाट करून देते आहेस, वाफ्यात ढोबळीची झाडं आहेत, आणि तिखट मिरचीचं झाड अंगणात औषधालाही नाही. शेजारच्या अक्कांनी एकदा लवंगी मिरचीचं रोप आणून दिलं तर तू ते फाटकापाशीच परत केलंस. म्हणालीस, मिरचीला मिरचीचा शेजार लागतो, गोडीचं बी बिघडतं. आबांचं पोट जळायचं, म्हणून तू उभ्या जन्मात घरात झणझणीत काही रांधलं नाहीस. पण मी पाहिलंय माय. सगळ्यांची जेवणं झाली की तू चुलीकडे तोंड करून बसायचीस, पदराखालून बाजारची हिरवी मिरची काढायचीस आणि भाकरीशी करकरा चावायचीस. डोळ्यांतून पाणी यायचं आणि चेहरा असा खुलायचा की मी दारातच थांबायचे. मी दिसले की उरलेलं देठ मुठीत.

लग्नाआधी मी काकांना, आबांच्या भावाला, उलटून बोलले होते, तो दिवसही आठवतो. काकांनी मला पुढे शिकवायचं नाही असं ठरवून टाकलं होतं आणि मी म्हणाले, शिकायचं मला आहे, ठरवणारे तुम्ही कोण? तू मला हाताला धरून त्याच वाफ्यापाशी नेलंस. मला वाटलं, आता मार बसणार. तू एक मिरची तोडून माझ्या हातावर ठेवलीस आणि म्हणालीस, "सासरी आशी ऱ्हावानं. दिसाले भरेल, पन जिभले चटका नही." मी शिकले पुढे, आबांच्या हातापाया पडून. पण सासरी आले ती तशीच, तू सांगितलंस तशी. सगळे म्हणतात, सून गोड आहे.

या गोडपणाचाच जाच झाला आहे मला. नवरा सुरतेला, सणावाराला येतो. नणंद यावलला, फोनवर म्हणते, वहिनी, तू आहेस म्हणून आम्हाला घोर नाही. मला हरभऱ्याच्या झाडावर चढवून सगळे आपापल्या गावी मोकळे. सकाळच्या शाळेत तात्पुरती शिकवते, कारण दुपारच्या आत नानांना उठवून बसवायचं असतं, खाऊ घालायचं असतं, कूस बदलायची असते. परसाच्या भिंतीला लागून रस्ता आहे. धुळ्याची बस तिथून वळते तेव्हा भिंत थरथरते आणि मी हातातलं खुरपं तसंच धरून उभी राहते. माणसं वाईट नाहीत, ओरडायचं तर कोणावर? त्यानं जास्तच कोंडायला होतं. कधी कधी तुझा राग येतो माय, सरळ सांगते.

आता धुळ्याच्या एका शाळेनं कायमची जागा देऊ केली आहे. सोमवारी हो-नाही कळवायचं आहे. घरात कोणाला बोलले नाही. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणणार, तूच बघ बाई, आणि ते 'तूच बघ' म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. अशीच एक जागा मागे मी मूग गिळून घालवली.

तर आजचं. मागच्या हिवाळ्यात परसात जागा नव्हती म्हणून मी लवंगीचं एक झाड तुझ्या ढोबळीच्या ओळीतच लावलं होतं. खरं तर जागेचं निमित्त. स्वतःच्या हातची एक तरी तिखट मिरची हवी होती मला. त्या ढोबळीचं पिकलेलं लाल फळ बियांसाठी ठेवलं, तेच बी या वर्षी पेरलं. फळं जरा निमुळती आली, मला वाटलं पाणी कमी पडलं. आज पहिला तोडा चिरताना बोटं चुरचुरली तरी लक्षात आलं नाही. नानांनी पहिला घास घेतला आणि खोकून खोकून लाल झाले. मी धावत दूध आणलं, ताट उचलायला गेले, तर त्यांनी ताटावर हात ठेवला. डोळे पुसले, आणखी एक फोड तोंडात टाकली. तेही तुझ्याच बाजूचे, धुळे तालुक्यातले, मनातलं बोलायचं तर अहिराणीच.

"तुनी मायनी मिरची गोड व्हती," ते म्हणाले. "ही तुनी शे."

मी हसले, म्हटलं, दुसरी भाजी टाकते.  नाना अगदी साध्या आवाजात म्हणाले, "धुळाले कव्हय जानं शे?"

मी धुळ्याला कधी जाणार ते विचारत होते; परसातून शाळेशी फोनवर बोलले होते ते खिडकीतून त्यांनी ऐकलं असणार.  मी वरण-भात कालवून दिला आणि इकडे स्वयंपाकघरात येऊन त्यांच्या ताटातली उरलेली भाजी खात बसले. कान तापले, नाक वाहू लागलं. इतकी चव मला कित्येक वर्षांत लागली नव्हती, माय. पलीकडे नाना जागेच आहेत, उत्तराची वाट बघताहेत.

हे तुला पोचायचं नाही, म्हणूनच लिहिते. त्यांनी विचारलं तेव्हा माझा जीव आनंदला नाही. वाटलं, यांनी 'जाऊ नको' म्हणायला हवं होतं. म्हणजे मला गोडच राहता आलं असतं, आणि दोषही त्यांना देता आला असता.