वाकवणारं दुखणं

हॅवलॉक, अंदमान

माय,
तुले अन् रेणुकाताईले जय भीम.

फोनवर तू आवाजावरून सारं ओळखते, म्हणून लिहून राह्यलो. आता मी बरा आहो.

मागच्या आठवड्यात पाहुण्यायले पाण्याखाली नेऊन समुद्राचा तळ दाखवताना एक बाई घाबरली अन् सुसाट वर निघाली. तिले धरून मलेही वर यावं लागलं. ती सुखरूप आहे. असं घाईनं वर आलं की अंगात मुरलेल्या वायूचे बुडबुडे होतात, सांधे धरतात. दवाखान्यात मले दाबाच्या बंद टाकीत ठेवून ते जिरवले.

या दुखण्याले 'बेंड्स' म्हणतात, म्हणजे वाकणं. डॉक्टरनं सांगतलं, पूर्वी नदीच्या तळाशी पुलाचा पाया खोदणारे मजूर वर आले की वाकून चालत, अन् सोबती त्यायले चिडवत. ऐकून दवाखान्यातले सारे हसले. मले हसू आलं नाही. वावरात निंदून आल्यावर तू तशीच चालते. कंबर कशी आहे तुही? ताई तेल लावून देते का?

खांदा अजून थोडा दुखते. डोळे मिटले की जानेफळचा आपला ओटा दिसते.

सध्या विमानात बसायले मनाई आहे. "जहाज चालते का?" मी विचारलं. डॉक्टर चालते म्हणाले. शुक्रवारी निघतो, चेन्नईहून पुढं रेल्वेनं. उशीर होईन. फाट्यावर येऊन उभी राहू नको, मी घरी येतो.

तुहा,
प्रसेनजित