पूर्ण एक मिनिट

३ मार्च, सोमवार
पोहोचले. वानप्रस्थाचा विचार करायच्या वयात मुलींच्या वसतिगृहात राहायला आले, म्हणजे आश्रमांचा क्रम मी उलटाच लावला. खोली झकास आहे: लोखंडी खाट, टेबल आणि खिडकीतून समोरच्या इमारतीच्या चौदा खिडक्या. प्रगत परिचर्येच्या अभ्यासक्रमाची मुलाखत शुक्रवारी आहे. वयाच्या अटीमुळे माझी ही शेवटची खेप. जागा मिळाली नाही, तर बावीस वर्षं काढलेल्या त्याच वॉर्डात परत, आणि तेही माझ्याकडून सलाइन लावायला शिकलेल्या मुलीच्या हाताखाली. निघताना जाऊबाईंनी विचारलं, की पास झाल्यावर सुई कमी दुखते का. प्रश्न मार्मिक आहे. मजल्यावर अजून दुसरं कोणी आलेलं नाही.

४ मार्च, मंगळवार
शिकवणाऱ्या बाई भेटल्या. मुलाखतीआधी प्रत्येक उमेदवाराला सरावासाठी एक रुग्ण देतात, म्हणाल्या. रोज सकाळी अकराला त्याचा ताप, नाडी, रक्तदाब आणि श्वास तक्त्यात लिहायचे. माझ्या वाट्याला एक आजोबा आले. ते बोलत नाहीत, नुसते पाहतात. आमच्या घरी हे नुसते बोलतात, पाहत नाहीत. तेव्हा बदल सुखद वाटला. बाकी सगळं नीट तपासलं. श्वास लिहिले अठरा, न मोजता. आम्हा नर्सांच्या जमातीत अठरा हा आकडा अपौरुषेय आहे: मोजलेला कोणीच नाही, मुखोद्गत सगळ्यांना. बाईंनी विचारलं, पूर्ण एक मिनिट मोजलेत ना. मी हो म्हटलं.

५ मार्च, बुधवार
आज आजोबांनी माझा हात धरून स्वतःच्या छातीवर ठेवला आणि घड्याळाकडे बोट केलं. मोजत बसले. मिनिट झालं, छाती हलली नाही. दुसरं मिनिट झालं. नाडी बहात्तर, पापण्या लवताहेत, नजर माझ्यावर. असं लक्षण कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाही. शून्य लिहावं, तर कालचं खोटं ठरतं. अठराच लिहिलं.
जेवणघरात एकटीच होते. ह्यांना फोन केला. चहाची गाळणी कुठे ठेवलीस, म्हणाले. सांगितलं. बोलणं तेवढंच.

६ मार्च, गुरुवार
आजोबांची खाट रिकामी. चादर ताणून बसवलेली. बाई म्हणाल्या, त्यांचं झालं आता. काय झालं, हे विचारायचं धाडस —
दिवसभर नऊ नंबरच्या खाटेवरची बाई आठवते आहे. गेल्या वर्षीची, आमच्या वॉर्डातली. तिच्या तक्त्यात अठरा लिहून मी चहाला गेले. परतले तेव्हा ती गेली होती. तिच्या मुलीने माझे हात हातात घेतले, तुम्ही फार केलंत हो, म्हणाली.
हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. ह्यांनाही.

७ मार्च, शुक्रवार
मुलाखत झाली. परीक्षक तिघे, टेबलावर कागद एकच. नऊ नंबरचा तक्ता. अक्षर माझं.
एवढंच विचारलं: मोजले होते? पूर्ण एक मिनिट?
खरं सांगावं, तर जागा गेली.
हो म्हटलं.
तिघेही मायेने हसले. निवड झाली, म्हणाले. दमला असाल, जरा पडा. सरावाच्या खोलीतली आजोबांची ती खाट दाखवली. पडले.

८ मार्च, शनिवार
उठता येत नाही. हाक मारायला गेले, आवाज नाही. आवाजाला हवा लागते —
छातीवर हात ठेवला. दोन मिनिटं. पाच.
ह्यांचा फोन वाजून वाजून थांबला.
अकरा वाजले. नवी उमेदवार आली आहे. माझ्याच वयाची, हसरी. डाव्या हाताची नाडी बघते आहे, उजव्याने मी हे —
घड्याळाकडे बघते. छातीकडे बघ ना, बाई. तिचा हात ओढून छातीवर — सोडवून घेतला. थोपटलं मला. तक्ता उचलला.
वही तिच्याकडे वळवते आहे. वाच. लिहू नकोस, आधी मो