दुसरी व्यक्ती समोर बसलेली असावी

तीर्थस्वरूप अक्का,

गुडघ्यांना झेपेल तितकं वाकून नमस्कार. उरलेला पत्रातूनच पोचला असं समजावं. साडूबुवांचा खोकला कसा आहे? गेल्या खेपेला फोनवर त्यांनी खोकून आणि तुम्ही बोलून माझा पाऊण तास घेतलात. कोण काय म्हणालं ते नीट आठवत नाही, पण दोघांचीही छाती मजबूत आहे एवढी खात्री पटली. तुमची साखर आटोक्यात असेलच, कारण तुमच्यासमोर कोणाची वर चढायची हिंमत होत नाही. माझी प्रकृती उत्तम आहे. (कोणी विचारलं तर हेच सांगावं.)

पत्रास कारण की, तुमचा ठपका पोचला. तुमच्या बहिणीला तुम्ही म्हणालात की तुझा नवरा ऊठसूट हॉटेलात जेवतो, कुठले कुठले कागद कापून खिशात घेऊन फिरतो, आणि या वयात त्याला ही थेरं सुचतात. ठपका असा दोन समुद्र ओलांडून माझ्याकडे आला, तेव्हा त्याला उत्तर द्यायलाच हवं. ते कागद म्हणजे कूपनं. कूपन घेऊन बाहेर जेवणं परवडतं की नाही, या विषयाचा मी अकरा महिने अभ्यास केला आहे आणि या बाबतीत अख्ख्या गल्लीत माझ्या तोडीचा माणूस तुम्हाला सापडणार नाही. (गल्लीत एकूण सहाच बिऱ्हाडं आहेत, पण ते असो.)

झालं असं, की तुमची बहीण मुलीच्या बाळंतपणाला म्हणून तीन महिन्यांसाठी परदेशी गेली, आणि ते तीन महिने अजून संपलेले नाहीत. पहिले तीन महिने मी घरीच रांधलं. तुम्ही हसाल, पण मला येतं. अडचण रांधण्याची नव्हतीच, वाढून घेण्याची होती. भांडं चुलीवरून उतरवायचं, टेबलावर ठेवायचं, मग फिरून खुर्चीत बसायचं आणि स्वतःलाच विचारायचं, आणखी घेणार का? पुढे पुढे मी ओट्यापाशी उभ्यानेच जेवू लागलो. अशातच एक दिवस दाराच्या फटीतून एक गुलाबी कागद आत आला. कोपऱ्यावरच्या हॉटेलाचं कूपन होतं. एका जेवणावर दुसरं जेवण मोफत.

मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. वेटरने कूपन उलटसुलट करून पाहिलं आणि दुसरी व्यक्ती कुठे आहे म्हणून विचारलं. मी म्हटलं, दुसरं जेवण बांधून द्या, मी उद्या खाईन. तर नाही म्हणाला. अक्का, वजनमापे खात्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस मी. पारड्याखाली मेण चिकटवणारे भलेभले दुकानदार मला पाहून पाणी पाणी व्हायचे. मी तिथल्या तिथे भिंग काढून मागच्या बाजूच्या अटी वाचल्या. सातवी अट अशी होती, की दुसरी व्यक्ती समोर बसलेली असावी. बसलेली, असं स्पष्ट लिहिलं होतं. माझ्या खात्यातही इतका चोख नियम कोणी केला नव्हता. मग वेटरने माझ्या समोरची ताटली उचलली, पेला उचलला, चमचा उचलला, आणि टेबल हलकं करायचंच आहे तर पुरतं करू म्हणून फुलदाणीही उचलून नेली. मी पूर्ण बिल भरून जेवलो.

पण हरेन तो मी कसला! पुढच्या आठवड्यात मी आमच्या न्हाव्याला घेऊन गेलो. माणूस दिलदार आहे, पण त्याला समोर बसायची सवय नाही. सबंध जेवणभर तो माझ्या तोंडाकडे न पाहता कानांच्या वर पाहत होता, आणि सूप येईपर्यंत त्याने माझा डावा कल्ला उजव्यापेक्षा लांब असल्याचं शेजारच्या टेबलाला पटवून दिलं. त्यानंतर खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना नेलं. मी एक घास उजवीकडून चावला आणि त्यांनी हातातला काटा खाली ठेवला. फुकटचं जेवण ते मजेत जेवले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या खुर्चीत आडवं होऊन मी दाढेवर टोपी बसवून घेतली. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच. (टोपी मात्र छान बसली आहे. पण दाखवायला तोंड उघडावं लागतं, आणि कोणासमोर उघडू?)

मग एका बुधवारी मला माझ्यासारखाच एक मनुष्य दिसला. हॉटेलच्या दारापाशी, हातात तोच गुलाबी कागद, आणि आत जाणाऱ्या प्रत्येक एकट्या माणसाकडे लग्न जमवायला आल्यासारखा पाहतोय. निवृत्त पोस्टमास्तर निघाले. त्यांची बायको आजारी भावाच्या शुश्रूषेसाठी माहेरी गेली होती. आम्ही समोरासमोर बसलो. सातवी अट पुरी झाली. दोघांकडे दोन कूपनं, पण एका टेबलाला एकच चालतं, म्हणून दुसरं पुढच्या बुधवारी वापरायचं ठरलं. नवी कूपनं दाराच्या फटीतून येतच होती, असे नऊ बुधवार गेले. ते चुकीच्या पत्त्याच्या पाकिटांबद्दल बोलायचे, मी खोट्या मापांबद्दल. दोघंही एकमेकांचं अक्षर ऐकत नव्हतो. पण न ऐकणारा का होईना, समोर माणूस होता. मी मंगळवारपासूनच शर्टाला इस्त्री करू लागलो होतो.

दहाव्या बुधवारी पोस्टमास्तर बायकोला घेऊन आले. भाऊ बरा झाला होता. भल्या माणसाने मला पाहून तिसरी खुर्ची ओढली, तर वेटर म्हणाला, कूपन दोघांचंच आहे, तिघं बसलात तर रद्द होईल. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम, आणि शेजारच्या टेबलावर जाऊन बसलो. ती बाई बोलता बोलता त्यांच्या ताटलीतलं न विचारता उचलून खात होती, आणि त्यांना ते कळतही नव्हतं. तिकडे बघायचं नाही म्हणून मी भिंतीवर टांगलेलं आग विझवायचं नळकांडं वाचत बसलो. त्याची मुदत उलटून चार महिने झाले होते. अक्का, मी मॅनेजरला बोलावलं नाही. यावरून काय ते ओळखावं.

त्या संध्याकाळी तुमच्या बहिणीचा फोन आला. जेवलात का, एकटेच होतात का, हे तिचे नेहमीचे दोन प्रश्न. मी म्हटलं, छे, एकटा कसला, आज तर तिघं होतो, हसून हसून पुरेवाट झाली. गेले चौदा महिने मी तिला हेच सांगतोय, की इथे झकास चाललंय, माणसांना तोटा नाही. ती म्हणाली, माझ्या जिवाला घोर होता तो गेला. मग असं करते, नात पाळणाघरात रुळेपर्यंत आणखी वर्षभर इथेच राहते. मी म्हटलं, खुशाल राहा, अगदी निर्धास्त राहा. फोन ठेवल्यावर कळलं, की आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. जन्मभर दुसऱ्यांची खोटी मापं जप्त केली आणि घरात मात्र बिनदिक्कत खोटं वजन वापरत राहिलो.

तर सारांश, कूपन घेऊन बाहेर जेवणं दोन माणसांना निश्चित परवडतं. साडूबुवांना घेऊन तुम्ही जरूर जावं.

आपला आज्ञाधारक (निदान पत्रापुरता),
तुमचा धाकटा मेहुणा

ता. क. तुम्ही तिला एक फोन करावा अशी विनंती आहे. सहज केल्यासारखा करावा. मी सांगितलं असं म्हणू नये. मी वाळलो आहे असंही म्हणू नये, कारण चार किलो वाढलो आहे आणि ते तिला फोनच्या पडद्यावर दिसतं. एवढंच सांगावं, की तो जे सांगतो ते सगळं खरं धरून चालू नकोस.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवतच होतो, तेवढ्यात तिचाच फोन आला. जेवलात का? मी नाही म्हटलं. का नाही? मी म्हटलं, एकट्याला जात नाही. एवढं बोलून फोन ठेवणार होतो, तर म्हणाली, ‘थांबा, ठेवू नका हं,’ आणि नातीला मुलीकडे देऊन परत आली. मग तासभर आम्ही काय बोललो ते तुम्हाला सांगणार नाही. तिकिटाचं मुलीशी बोलून बघते म्हणाली. अक्का, बघते म्हणाली, येते म्हणाली नाही. तेव्हा वरची विनंती मी मागे घेत नाही. फोन करा, आणि मी सांगितलं असंही खुशाल म्हणा.