रेशमी वस्त्रातली फळी

ज्याने श्वास दिला त्याला स्मरून, बुद्धी शाबूत असताना आणि कोणाच्याही दडपणाविना, मी निवृत्त प्रवचनकार, वय वर्षे एक्याऐंशी, ही माझी अखेरची इच्छा लिहून ठेवतो.

कलम पहिले. माझे वडील परकीय सरकारच्या न्यायालयात साक्षीदारांना शपथ देत. रेशमी वस्त्रात गुंडाळून धर्मग्रंथ म्हणून ते जे पुढे धरीत, ती खोक्याची फळी होती. खोट्या साक्षीचे पाप ग्रंथाला शिवू नये, एवढे त्यांचे पावित्र्य! भाडोत्री साक्षीदारांना हे ठाऊक असे. ते निर्धास्त खोटे बोलत. अशाच साक्षींवर वीटभट्टीवाल्यास सरकारी लाकडाचा चोर ठरवून तिथल्या गोऱ्या साहेबाने त्याची जमीन घेतली व तिचा एक तुकडा वडिलांना बक्षीस दिला. हे घर त्यावर उभे आहे.

कलम दुसरे. माझ्या थोरल्या मुलाने आपल्या कादंबरीत ती फळी म्हणजे आजोबांनी साहेबाला दाखवलेला ठेंगा ठरवली आहे. मी म्हणालो, "अरे, साहेब कुठे फसला? जमीन तर त्यालाच मिळाली!"

"बाबा, कादंबरी आहे ही. वाचकाला नायक लागतो."

सूनबाईंनी आतून टोला हाणला, "मामंजी, आल्यागेल्याला हा किस्सा रंगवून तुम्हीच तर सांगत होतात!"

खरे होते. जन्मभर सत्याचे निरूपण केले आणि या किश्श्यावर टाळ्या घेतल्या. माझेच हसू छापील पानावर वाचले आणि शिसारी आली. वडिलांची थोडी, स्वतःची फार.

कलम तिसरे. ग्रंथसंग्रह धाकट्या मुलीस, कारण ती पुस्तके उघडते. साहेबाने दिलेली चांदीच्या मुठीची काठी मोडीत घालावी. दिवाणखान्यात मिरवू नये. बँकेतील ठेव थोरल्यास. त्याला उपाशी ठेवून हुतात्मा करण्याची माझी इच्छा नाही.

कलम चौथे. घर भट्टीवाल्याच्या नातीस. ती मागच्या गल्लीत शिवणकाम करते. सांगायला गेलो, तर तिने मशीनही थांबवले नाही. "घर घेईन, बुवा. नाही कशाला म्हणू? पण आमचे आजोबा चोर म्हणूनच गेले. कोर्टानं लावलेला डाग घरानं कसा जाईल?"

घरी येऊन मी पुढचे कलम लिहायला घेतले.

कलम पाचवे. थोरला या मृत्युपत्रास हरकत घेणार, यात मला शंका नाही. अवश्य घ्यावी. मग हे त्याच न्यायालयात मोठ्याने वाचले जाईल. वाचणाऱ्यास विनंती, की पुढचे सावकाश वाचावे: वीटभट्टीवाला चोर नव्हता. लाकूड त्याने विकत घेतले होते. हे माझ्या वडिलांना ठाऊक होते. मला त्यांनीच सांगितले, हसत.

लिहून देणार: प्रवचनकार (सही)

आम्हा दोघांसमक्ष, पूर्ण वाचून सही केली:
शेजारचे वैद्य (सही)
कोपऱ्यावरचे घड्याळजी (सही)

स्थळ: राहते घर, रस्त्याकडची खोली
दिनांक: नऊ मार्च