टोपीला लावलेलं तेल

सोमवार, पौष वद्य चौथ
न्हाय, मला त्या काचेच्या टोपीचा राग न्हाय. कुणी इचारलं न्हाय तरी सांगते. राग हाय तो थाटामाटाचा. नात झाली, महिना व्हत आला, आन् सून कुसुम अजून थानावर काच ठिवल्याबिगर पाजीत न्हाय. पयलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पर तिच्या गावाला, ईटला, तवा पटकीची साथ, म्हणून हितं. तिचं बोंड बसकं. पोरीच्या तोंडात येईना, पोर सुकाया लागली. मग मधूनं, माझ्या ल्योकानं, बार्शीच्या दाक्तरीणबाईकडनं टोपी आणली. खाली काच, वर रबराचं बोंड. येताना हद्दीवर करोडगिरीच्या जकातनाक्यावर शिपायानं इचारलं, "ये क्या है?" मधू कळंबच्या कचेरीतला कारकून, पर शरमेनं लाल. म्हणला, "दवा है."
पोर पिती मातर. खोटं कशाला लिहू.

बुधवार
दर बारीला टोपी उकळा, निववा, पुसा. तवर पोर रडून निळी. म्या म्हणलं, "रडायच्या आदीच उराशी धर. थान बोटात चपटं धर, तोंडात दे." म्हणती, "दुखतंय आत्याबाई." आमाला काय दुखलं न्हाय व्हय?
शेजारच्या जैनबबी आल्या. टोपी बघून म्हणल्या, "अगे मां, ये तो कंदील की चिमनी है!" कुसुम हसली. लई दिसानं.

शनवार
उकळून उकळून रबर कडक झालंय. काचेवर नीट बसंना. रोज सकाळी खोबऱ्याचं तेल चोळते. आमच्या मोटंचं चामडं तेलानंच मऊ ऱ्हायचं, ते काम माझंच असायचं. कुसुमला सांगितलं न्हाय. हरेक गोष्ट काय सांगत बसायची.

मंगळवार
रबर फुगलं. बोटाला चिकटतंय, काकवीवाणी. दुपारी पाजताना त्याचा तुकडा पोरीच्या तोंडात गेला. कुसुमनं बोट घालून काढला. किंचाळली अशी, की जैनबबी धावत आल्या.
मधू तसाच बार्शीला निघाला.

गुरवार, चौदस
मधू हात हालवीत आला. लढाई चालू, रबर समदं फौजेला जातंय. नवी टोपी न्हाय. दाक्तरीणबाईनं इचारलं म्हणं, तेल लावलं व्हतं का? तेलानं रबर सडतं. मधू माझ्याकडं बघत बसला. म्या चूल फुकीत व्हते.
कुसुम वाटीत दूध पिळती, म्या बोंडल्यानं पाजते. अर्धं गळ्यावर सांडतं. कुसुम माझ्याशी बोलत न्हाय. वाटी पुढं सरकवती, बस.
पोरीचं रडणं बारीक झालंय. हे रडणं मला ठावं हाय. माझा पयला असाच गेला. थान धरीना, गेला. तवा टोपीबिपी काय नव्हती. सासू म्हणली, दुसरं व्हईल. झालं दुसरं. मधू.
कुसुमला ह्यातलं कायबी ठावं न्हाय. सांगायचंबी न्हाय.

रविवार, माघ शुद्ध बीज
सकाळी पोर अर्धी झोपेत व्हती. म्या कुसुमला म्हणलं, चोळी काढ. पोरीला उघडीच तिच्या उरावर पालथी टाकली, वरनं घोंगडं. थेंबभर दूध पिळून व्हटाला लावलं. पोर हुंगत हुंगत सरकली, करडावाणी. थान म्या चपटं धरलं. पोरीनं धरलं. सोडलं. परत धरलं. कुसुमनं पदराचा बोळा दातात दाबला.
मग गिळल्याचा आवाज.
कुसुम रडाय लागली. म्या म्हणलं, "हालू नगं, सुटंल."
वाटलं, आता तरी एक शब्द बोलंल...

बुधवार, पंचमी
पोर अंगावर पिती. एकाच बाजूनं. डावीकडं नेली की तोंड फिरविती.
कुसुम ईटला चालली. म्हणती, साथ सरली, तिथं माझी माय बघंल. मधू गाडी सांगून आला. माझ्या तोंडाकडं बघितलं न्हाय त्यानं.
पोरीला गुंडाळून कुसुम उंबऱ्यात थांबली. "आत्याबाई, खरं सांगा. तेल रबर मऊ ऱ्हावं म्हणून लावलंत, का सडावं म्हणून?"
मधू गाडीपाशी हुबा, कान हिकडं.
म्या म्हणलं, "डावीकडनं आदी पाजीत जा."
"म्या काय इचारलं?"
"पोरीच्या कानाला वारं लागंल. निघा."
गाडी गेली. काच फळीवर पडली व्हती, धुऊन पुसून ठिवली.
तेलाचं मला कुणी इचारू नगं. म्या सांगणार न्हाय. हितंबी न्हाय.