ह्या टायमाला थांबा

आबा, तुमच्या पक्षाने मलाही थांबायला सांगितलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण शब्द तोच. आपल्या तालुक्यात उमेदवारी कुणाला नाकारत नाहीत, माणसाला थांबवतात. 'नाही' म्हटलं तर तो चिडून दुसऱ्या पक्षात जाईल. 'थांबा' म्हटलं की बिचारा घरी जाऊन पुढच्या निवडणुकीची वाट बघतो आणि मधली सगळी वर्षं फुकट राबतो. रस्त्याकडेला एसटीची पाटी असते ना, 'विनंती थांबा', तसे तुम्ही जन्मभर उभे राहिलात. गाडी तुमच्यापाशी थांबली ती दरवेळी दुसऱ्या कुणाला तरी चढवून घ्यायला.

मी विश्रामबागच्या कॉलेजातून सुट्टीला आले होते तो दिवस आठवतो. पंचायत समितीला यंदा तुमचंच नाव, असं विट्याच्या बाजारात ओळखपाळख नसलेली माणसंसुद्धा बोलत होती. आणि पक्षाच्या साहेबांची गाडी दारात आली. आई भाकरी थापते आहे, मी तिच्याशेजारी लसूण सोलते आहे, आणि सोप्यात साहेब तुमच्या खांद्यावर हात ठेवून बोलतात ते आम्हा दोघींना सगळं ऐकू येतं आहे. "आबा, तुमी तर घरातलं मानूस. ह्या टायमाला थांबा. आमच्या मेव्हण्याचा लय हट्ट हाय." तुम्ही आत आलात. मला वाटलं, आता तुम्ही भिंतीला टेकून घटकाभर बसाल. तुम्ही म्हणालात, "साहेबांच्या च्यात साखर जरा वाढीव घाल." आईने पिठाचा हात परातीतच ठेवून विचारलं, "आवं, पन कवापातूर थांबायचं?" तर तुम्ही तिच्यावरच खेकसलात, "मागून घेतलं की मानूस हलका हुतो. तुला न्हाई कळायचं." तिला चांगलं कळत होतं. पुढे निवडणूक होईपर्यंत तुम्ही त्या मेव्हण्यासाठी उंबरे झिजवलेत, म्हाताऱ्या बायांना हाताला धरून मतदानाला आणलंत, आणि निकालाच्या दिवशी गुलालात न्हाऊन घरी आलात. तुमच्या तोंडावर इतका आनंद होता की मला तुमची किळस आली. हो, किळसच, दुसरा शब्द नाही. त्याबद्दल तुमचा जाहीर सत्कार झाला, शाल मिळाली. आईने अशा शालींच्या गोधड्यांना खोळी शिवल्या. तुम्ही त्याच पांघरून झोपायचात आणि तुम्हाला झोपही लागायची.

यंदा पंचायत समितीचा आपला गण बायकांसाठी राखीव सुटला. माझं माहेरही त्यातच, सासरही त्यातच. हे मिलिटरीत, घरी वर्षातून एकदा. जनावरं, पोरं आणि पक्ष सगळं मीच बघते. बूथवर बसायला बायका मी आणायच्या, सभेला खुर्च्या भरायच्या तर मी भरायच्या, साहेबांच्या सुनेच्या हळदीकुंकवाला गर्दीही मीच जमवायची. म्हणून इच्छुकांच्या मुलाखतींना गेले. मंगल कार्यालयात मुलाखती होत्या आणि आम्हा इच्छुक बायकांना नवरीच्या खोलीत बसवलं होतं. प्रत्येकीबरोबर नवरा, उत्तरं द्यायला. वरून आलेल्या निरीक्षकांनी मला पहिला प्रश्न केला, "मिस्टर नाही आले?" म्हटलं, सीमेवर आहेत. तर सगळे उठून उभे राहिले, माझ्याबरोबर फोटो काढला, 'भारतमाता की जय' म्हणाले, आणि त्या आनंदात बाकीचे प्रश्न विचारायचे राहूनच गेले.

उमेदवारी मिळाली केरळात सोनं गाळायचं, गलाईचं दुकान असलेल्या एका शेठजींच्या बायकोला. आदल्या दिवशी पक्षप्रवेश झाला, गळ्यात उपरणं पडलं, झालं. बाई वाईट नाही. तिने मलाच बाजूला घेऊन विचारलं, "ताई, आपल्या गणात गावं कुठली कुठली येतात?" मी सांगितली. तुमचीच लेक ना मी.

तालुकाध्यक्ष आता तोच मेव्हणा आहे. पोट सुटलंय, गुडघे गेलेत, पण तुमच्याबद्दल बोलताना अजून गहिवरतो. "ताई, आबांचं संस्कार हायती तुमच्यावर. आबांनी पक्षाला कवा अडचणीत आनलं न्हाई. ह्या टायमाला थांबा. पक्ष दखल घितो."

"आबांची घेतली?"

"आवं, घितली न्हाई तर! शोकसभा न्हवती व्हय घितली आमी?"

तो थट्टा करत नव्हता हो. मनापासून बोलत होता. त्या माणसांच्या हिशेबी तुमची परतफेड झालेली आहे.

मी अपक्ष अर्ज भरला. माघारीच्या दिवशी सगळे गाड्या घेऊन घरी आले, तेव्हा मी फोन बंद करून जावेच्या रानात हुरडा खात बसले होते. तोंड काळं झालं, पण वेळ टळेपर्यंत उठले नाही. तुम्ही उठला असता, घरी येऊन त्यांना चहा दिला असता.

आता प्रचार चालू आहे. सुरुवातीला दारात उभी राहून पाणी, रस्ता, शाळेची गळकी खोली असं बोलत होते. बाया माना हलवायच्या आणि तांदूळ निवडत राहायच्या. मग एका म्हातारीने विचारलं, "तू आबांची लेक व्हय गं? देवमानूस. कवा कुनाला काय मागितलं न्हाई." आणि तिने डोळ्याला पदर लावला. तेव्हापासून मी प्रत्येक दारात तेच आधी बोलते. माझ्या वडिलांनी आयुष्यात कधी काही मागितलं नाही. कुठे आवाज कापरा करायचा तेही आता जमतं. बायका हातातलं काम सोडून ऐकतात, आत बोलावतात, ओटी भरतात. पत्रकावर तुमचा फोटो छापलाय, माझ्यापेक्षा मोठा. ज्या गोष्टीसाठी मी तुम्हाला आजवर माफ केलेलं नाही, तिच्यावरच मतं मागते आहे, आणि अजूनही माफ केलेलं नाही.

हे पत्र पाठवायची सोय असती तरी पाठवलं नसतं. तुम्ही आधी पत्रकावरचा तो फोटो काढून टाकायला लावला असता, आबा, आणि मला निवडून यायचंय.