नऊ वर्षं सातवीत

१२ जून, गुरुवार

आज सेटवर नवीन जेवणाचं टेबल आलं. खुर्चीत बसले की पार माझ्या छातीपर्यंत येतं! पाय खाली टेकत नाहीत, नुसते लोंबकळतात.

आमचे सुतार रमेशदादा दर वर्षी टेबल, खुर्च्या, बाकं, माझं दप्तर, सगळं थोडं थोडं मोठं करतात. कारण मी वाढते आणि चिमी वाढत नाही. ‘अपनी चिमी’तली चिमी सातवीत आहे. दर वर्षी नापास होते आणि लोक पोट धरून हसतात. सिरियल सुरू झाली तेव्हा मी अकराची होते. खरीच सातवीत जायची होते. शाळा सुटली ती सुटलीच, मग सगळ्या परीक्षा प्रायव्हेट.

आज मला वीस पूर्ण झाली. चॅनलने केक आणला, फोनवर टाकायला व्हिडिओ काढला. केकवर मेणबत्ती कुठली? १२!

फुंकली. टाळ्या वाजल्या. दोन वेण्या, लाल रिबिनी, आणि आत छातीला घट्ट बांधलेली पट्टी. हसले मी. हसायचं तर मला येतंच.

१५ जून, रविवार

सुट्टी. उज्जैनच्या देवास गेटला चपला घ्यायला गेले होते. तोंडावर ओढणी होती तरी दुकानदाराने ओळखलंच. ‘अरे चिमी! इस बार पास हुई कि नहीं?’ सगळं दुकान हसलं. मी डोक्याला हात लावला, चिमीसारखा. अजून हसले.

सात नंबरची चप्पल मागितली तर म्हणतो, ‘इतने बड़े पैर!’

१८ जून

फॉर्म भरला. सायन्स कॉलेज, बी.एस्सी. पहिलं वर्ष. रेग्युलर!! पंचाहत्तर टक्के हजेरी पाहिजे.

कुणाला सांगितलं नाही. लोक विचारतील, तुला पुढे काय व्हायचंय? खरं सांगू तर माहीत नाही. मला वर्गात बसायचंय. नऊ वर्षं मी खोट्या फळ्यासमोर बसले. त्यावर लिहिलेलं एकच गणित नऊ वर्षं तसंच आहे, आणि ते चूक आहे.

२३ जून, सोमवार

बाबांनी जेवताना सांगितलं, ‘कॉन्ट्रॅक्ट वाढतंय. अजून तीन वर्षं. मी हो म्हणून टाकलंय.’

हातातली पोळी तशीच राहिली. ‘मला विचारलंत?’

‘विचारायचं काय त्यात? सही तर तूच करणार आहेस.’

‘मी नाही करणार.’

ते हसले. मग माझं तोंड बघून थांबले. त्यांनी वीज मंडळातली नोकरी सोडली ती माझ्यामागे. नऊ वर्षं रोज सकाळी मला गाडीत घालून उज्जैनहून सांवेरच्या पुढच्या, सेट लावलेल्या गोडाउनात नेलं, दिवसभर कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून राहिले आणि संध्याकाळी परत आणलं. सगळे संवाद माझ्याकडून पाठ करून घेतले. हे सगळं त्यांनी मला आज ऐकवलं. सगळं खरं आहे. म्हणूनच ऐकवत नव्हतं.

मी म्हटलं, ‘बाबा, मी तेवीसची होईन. तेवीस! आणि सातवीत!’

‘लोकांना आवडतं.’

‘मला नाही आवडत.’

नऊ वर्षांत हे वाक्य माझ्या तोंडून पहिल्यांदा निघालं. आईने फक्त माझ्या पानात वरण वाढलं, मागितलं नसताना.

२४ जून

बाबा बोलत नाहीत. मीही नाही. गाडीत सांवेरपर्यंत फक्त वायपरचा आवाज.

२७ जून, शुक्रवार

यशोधन सरांना सांगितलं. सिरियल तेच लिहितात, तेच डायरेक्ट करतात. त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. ‘पक्कं?’ म्हणाले. मी म्हटलं, पक्कं. मग फळ्याकडे बघत राहिले.

दुपारी चॅनलचे सुमीतजी इंदूरहून आले. आधी गोड बोलले. ‘बेटा, थक गई हो, पंद्रह दिन घूम आओ.’ मग कडक झाले. ‘चालीस घर चलते हैं तुम्हारी दो चोटियों पर. सोच लो.’

चाळीस घरं! मेकअपची ताई, लाइटवाले, जेवण आणणारे काका, रमेशदादा. रडले मी, बाथरूममध्ये. पण सही नाही केली.

२ जुलै

रमेशदादांना विचारायचं ठरवलं होतं. हिंमत होत नव्हती. ते बाकाला रंधा मारत होते. मी जवळ जाऊन बसले.

‘दादा, मी सोडते म्हणतेय. तुमचं काय होईल?’

रंधा थांबला. भुसा फुंकला. मग म्हणाले, ‘मेरी फिकर मत करो. मैं तुमसे पहले भी मेज बनाता था.’ आणि मग गालात हसत, ‘वैसे अब दरवाज़ा ऊँचा करना पड़ता, बिटिया. उसके बाद छत. छत कहाँ ले जाता मैं?’

आम्ही दोघं इतके हसलो की साउंडवाला ओरडला!

मग हळूच म्हणाले, ‘मेरी लड़की तुम्हारी उमर की है. उसकी शादी में तुम बच्चों की पंगत में बैठी थीं. किसी ने बिठा दिया, तुम बैठ गईं. मुझे अच्छा नहीं लगा था.’

मला आठवतंय ते लग्न. मला वाटलं होतं, कुणाच्या लक्षात आलं नसेल.

५ जुलै, शनिवार

चिठ्ठी दिली. स्वतःच्या अक्षरात, स्वतःच्या सहीची. ३१ जुलैनंतर मी काम करणार नाही. भार्गवी जयंत सरमंडळ.

सुमीतजींनी वाचली. ‘पापा को पता है?’

‘पापांना माहीत आहे. पण चिठ्ठी माझी आहे.’ मराठीतच बोलले! त्यांना बरोबर समजलं.

म्हणाले, दुसरी चिमी आणू. मी म्हटलं, जरूर आणा.

१० जुलै

चार दिवस इंदुरात मुली बघत होते. काल एका छोटीचा व्हिडिओ टाकून बघितला. गोड होती बिचारी. खाली हजारो लोकांनी लिहिलं, ये चिमी नहीं है. आज चॅनलने जाहीर केलं: ‘अपनी चिमी’ बंद.

म्हणजे माझ्याशिवाय चालत नाही! खोलीचं दार लावून नाचले. खरंच नाचले. कुणी बघत नव्हतं आणि पट्टी बांधलेली नव्हती.

११ जुलै

आज मलाच शिव्या. ‘घमंडी.’ ‘बंबई का सपना देख रही होगी.’ माधव नगरातल्या एका काकूंनी आईला भाजीवाल्यापाशी थांबवून विचारलं, ‘इतकं नाव मिळालं, अजून काय हवंय मुलीला?’ आई म्हणाली, ‘रोल नंबर.’

माझी आई! तिला फॉर्मचं कधीच कळलं होतं म्हणे. प्रिंट काढून मी कागद कपाटात ठेवला तोच तिच्या साड्यांखाली. हद्द आहे माझी!

१४ जुलै, सोमवार

श्रावणातली महाकाळाची पहिली सवारी. रस्ते बंद, शूटिंग नाही. आई शिकवते त्या शाळेलाही सुट्टी. केसांना तेल लावता लावता ती बोलत होती. तुझे बाबा वाईट नाहीत गं, म्हणाली. लग्नाआधी नाटकात कामं करायचे. गणपतीत त्यांचं नाटक असलं की बाहेर सतरंज्या टाकाव्या लागायच्या. मग बदल्या, संसार, तू. ‘तुझ्या सेटवर कोपऱ्यात बसतात ना, ते तुला सांभाळायला बसतात असं वाटतं का तुला?’

नऊ वर्षांत मी त्या खुर्चीकडे नीट बघितलंच नव्हतं.

२२ जुलै, मंगळवार

जोरदार भांडण झालं आणि मी जिंकले!!

शेवटच्या भागात काय दाखवायचं? सुमीतजी म्हणाले, नेहमीसारखं. चिमी नापास, सगळे हसतात, खलास. ‘फेल होना ही चिमी है.’

मी म्हटलं, चिमी पास होणार. नाहीतर उद्यापासून येत नाही.

‘इसमें कॉमेडी कहाँ है?’

तेव्हा यशोधन सर उठले. एरवी चॅनलपुढे त्यांचा आवाज निघत नाही. म्हणाले, ‘सुमीतजी, नौ साल एक बच्ची को हँसी के लिए फेल किया है मैंने. एक दिन बिना हँसी के चल जाएगा.’

सेटवर कुणीतरी टाळी वाजवली. मग दुसऱ्याने. सुमीतजी फोन कानाला लावून बाहेर गेले. फोन वाजला नव्हता.

२९ जुलै

उद्या शेवटचा सीन. लाल रिबिनी आत्ताच इस्त्री करून ठेवल्या.

३० जुलै, बुधवार

हे नीट लिहायचंय.

सीन असा: हेडमास्तर वर्गात येतात, निकाल वाचतात. हेडमास्तर करणारे शर्माजी आलेच नाहीत! त्यांना दुसरी सिरियल मिळाली, कालच मुंबईला गेले. फोन बंद. अकरा वाजले, बारा वाजले. सुमीतजी खूश दिसले. म्हणाले, रिज़ल्ट काट दो, चिमी का पासपोर्ट साइज फोटो दिखाओ, बाय-बाय.

यशोधन सर सेटभर बघत होते. त्यांची नजर कोपऱ्यात थांबली.

‘जयंतराव, कोट होईल का तुम्हाला?’

बाबा दचकले. ‘मी? छे छे. मी कुठे...’

‘संवाद तर सगळे पाठ असतील तुम्हाला.’

पाठ होते. माझे, शर्माजींचे, सगळ्यांचे.

महिनाभर आम्ही कामापुरतंच बोलत होतो. आता ते समोर उभे, शर्माजींचा कोट खांद्यावर थोडा सैल. सर म्हणाले, ऍक्शन. आणि बाबा बदलले! आवाज, मान, चाल, सगळंच. चष्म्यावरून वर्गाकडे असं बघितलं की मागच्या बाकावरची पोरं खरंच सरळ बसली. एकेकाचा निकाल वाचताना त्यांनी जी थांबा-थांबी केली! लाइटवाले तोंड दाबून हसत होते. शर्माजींना नऊ वर्षांत असं हसवता आलं नाही.

मग माझं नाव आलं. कागदावर होतं: ‘चिमी, पास.’ बस, दोनच शब्द.

बाबांनी कागद बघितला. चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. आणि स्वतःच्या मनाने बोलले: ‘चिमी. इस लड़की को हमने बहुत साल रोके रखा. गलती इसकी नहीं थी.’ आवाज फाटला. ‘पास. उठ बेटा. जा.’

‘कट’ कुणी म्हटलं नाही.

मी उठले. पटकथेत मला बाकाला धरून उडी मारायची होती. मी उडी मारली नाही. सरळ उभी राहिले. नऊ वर्षांत चिमी कधी कुणा मोठ्याच्या शेजारी सरळ उभी राहिली नाही, कॅमेरा नेहमी वरून लावायचे. आज सरांनी कॅमेरा खाली घेतला. मी चालत बाबांपर्यंत गेले. मी त्यांच्यापेक्षा उंच आहे! चार बोटं! त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं.

मग काय झालं ते नीट सांगता येणार नाही. टाळ्या, शिट्ट्या, मेकअपची ताई रडत होती, रमेशदादा हातोडीने फळी बडवत होते. बाबा माझ्या डोक्यावर हात ठेवायला गेले, हात उंच करावा लागला, मी वाकले.

परत येताना गाडीत म्हणाले, ‘कॉलेज किती वाजता असतं?’

३१ जुलै

फ्रीगंजच्या पार्लरमध्ये वेण्या कापल्या. ती बाई कापेना! ‘चिमी के बाल? मैं नहीं काटूँगी, पाप लगेगा.’ शेवटी कात्री मीच घेतली, पहिली वेणी मीच कापली. मान इतकी हलकी!

४ ऑगस्ट, सोमवार

पहिला दिवस. वर्गात कुजबुज होती: चिमी, चिमी. सरांनी हजेरी घेतली. ‘भार्गवी सरमंडळ?’

मी उठून उभी राहिले आणि म्हटलं, ‘यस सर.’ नुसतं तेवढंच. नऊ वर्षांतला माझा सगळ्यात चांगला डायलॉग.

बाक माझ्या मापाचं होतं. पाय जमिनीला टेकले.

९ ऑगस्ट, शनिवार

राखी. आणि आजच शेवटचा भाग लागला. गल्लीतले सगळे आमच्याकडे बघायला. निकाल वाचला गेला आणि बाहेर फटाके! चिमी पास हो गई! शेजारचे पेढे घेऊन आले, पाठोपाठ ‘अजून काय हवंय’ विचारणाऱ्या काकूही आल्या. माझ्या तोंडात पेढा कोंबून म्हणाल्या, ‘आम्हाला माहीतच होतं, हुशार आहे पोरगी.’ आई स्वयंपाकघरात जाऊन हसत बसली.

यशोधन सरांचा मेसेज आला: नवीन सिरियल मंजूर झाली. गोडाउन तेच, माणसं तीच. रमेशदादांना सगळी टेबलं, बाकं पुन्हा लहान करायची आहेत.

चाळीस घरं! आज झोप लागेल.

लोक फोनवर बाबांबद्दलच विचारत होते. वो हेडमास्टर कौन थे? बाबा गच्चीत कपडे वाळत घालत होते. खाली येईनात.

१७ ऑगस्ट, रविवार

सकाळी यशोधन सरांचा फोन. मी उचलला. ‘तुला नाही गं,’ म्हणाले, ‘जयंतराव आहेत का?’

नवीन सिरियल. मेन रोल.

बाबांनी फोन कानाला लावला. कान लाल झाले होते. मग घसा साफ करून म्हणाले—

‘मुलीला विचारून सांगतो.’